वीतभर वायर, रात्रभराचा कार्यक्रम
गिटारच्या पेडलबोर्डसाठी पॅच केबल कशी निवडावी आणि घरच्या घरी कशी बनवावी?

विशेष प्रतिनिधी
कामठा (जि. गोंदिया) :

दिवाळी सरली, की पूर्व विदर्भात गावोगावी मंडई भरू लागते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत मंडईच्या निमित्ताने नाटक, दंडार किंवा ऑर्केस्ट्रा यांपैकी काहीतरी असतेच. गोंदिया तालुक्यातील कामठा हे गावही याच मुलखातले. येथील प्रयोग शहरासारखा अडीच-तीन तासांत आटोपत नाही. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत खेळ रंगतो. एकेकाळी ऑर्गन आणि तबला एवढ्यावर भागणाऱ्या या रंगमंचावर आता कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आले आहेत. ऑर्केस्ट्राच्या मंचावर इलेक्ट्रिक गिटार आणि तिच्या पायथ्याशी लुकलुकणारी पेडल्सही दिसतात.

अशा रात्री ऐन गाण्यात वाद्य मुके झाले, तर वादकाची जी त्रेधा उडते ती वर्णन करण्यापलीकडची असते. रात्री एक वाजता गावात दुकान उघडे नसते. गोंदियाची बाजारपेठ बंद झालेली असते आणि नागपूर तर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटरवर आहे. ध्वनियंत्रणा सांभाळणारा आधी अ‍ॅम्प्लिफायर तपासतो, वादक गिटारचे बटण फिरवून पाहतो. अनेकदा दोष या दोन्हींत नसतोच. तो दडलेला असतो दोन पेडल्सना जोडणाऱ्या वीतभर लांबीच्या वायरीत. हजारो रुपयांची यंत्रे जिच्या भरवशावर चालतात, त्या या वायरीला 'पॅच केबल' म्हणतात. खरेदीच्या यादीत मात्र ती सर्वांत शेवटी येते आणि तिच्यावरच सर्वांत जास्त काटकसर होते.

अठ्ठावीस सांध्यांचे गणित

इलेक्ट्रिक गिटारचा सूर बदलण्यासाठी पायाने दाबायची जी छोटी यंत्रे वापरतात, त्यांना पेडल म्हणतात. आवाज फाटल्यासारखा करणारे 'फझ' हे पेडल अमेरिकेत १९६२ मध्ये बाजारात आले. त्यानंतर वाह-वाह, डिले, कोरस, रिव्हर्ब अशी नाना तऱ्हेची पेडल्स निघाली. १९७७ पासून जपानच्या 'बॉस' कंपनीने तळहाताएवढी आटोपशीर पेडल्स आणली आणि एका फळीवर सहा-आठ पेडल्स मांडण्याची पद्धत रूढ होत गेली. ही फळी म्हणजेच पेडलबोर्ड. गिटारमधून निघालेला विद्युतसंदेश पहिल्या पेडलमध्ये शिरतो, तेथून दुसऱ्यात, तेथून तिसऱ्यात आणि अखेरीस अ‍ॅम्प्लिफायरमध्ये पोहोचतो. दोन पेडल्समधला हा प्रवास पॅच केबलमधून होतो.

आठ पेडल्सचा बोर्ड घेतला, तर त्यांना जोडायला सात पॅच केबल लागतात. प्रत्येक केबलला दोन पिना, म्हणजे चौदा पिना. प्रत्येक पिनेत दोन ठिकाणी डाख, म्हणजे सोल्डर दिलेले असते. असे एकूण अठ्ठावीस सांधे झाले. हे सारे सांधे एकापाठोपाठ एक आहेत. त्यामुळे त्यांपैकी कोणताही एक तुटला, तरी बाकीचे सत्तावीस निकामी ठरतात.

येथे थोडे गणित करून पाहण्यासारखे आहे. समजा, एका कार्यक्रमात प्रत्येक सांधा टिकण्याची शक्यता शंभरात नव्याण्णव आहे. ऐकायला हे प्रमाण उत्तम वाटते. पण अठ्ठावीसही सांधे एकाच वेळी टिकण्याची शक्यता काढली, तर ती शंभरात केवळ पंच्याहत्तरच्या आसपास येते. म्हणजे चार कार्यक्रमांतून एकदा कुठेतरी घात होणार. हेच प्रमाण प्रत्येक सांध्यासाठी हजारात नऊशे नव्याण्णव एवढे असेल, तर संपूर्ण बोर्ड टिकण्याची शक्यता शंभरात सत्त्याण्णववर जाते. पॅच केबल निवडताना पाहायचे ते हेच. सुराची नजाकत हा पुढचा प्रश्न, सांध्याची मजबुती हा पहिला.

टेलिफोनच्या एक्स्चेंजमधून आलेली पिन

गिटारच्या केबलला असणारी जाड, टोकाशी बोंडासारखा आकार असलेली पिन मूळची संगीतातली नाही. ती टेलिफोनमधली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर बसत आणि दोन ग्राहकांची लाइन जोडण्यासाठी दोन्ही टोकांना पिना असलेली दोरी फलकावरच्या छिद्रांत खुपसत. मुंबईतही टेलिफोन एक्स्चेंज १८८२ मध्ये सुरू झाले होते. पॅच म्हणजे ठिगळ. तात्पुरती जोडणी करणारी वायर म्हणून 'पॅच' हा शब्द ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत आणि तेथून गिटारवादकांच्या बोलीत आला.

या पिनेचा व्यास पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर. आपल्याकडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तिला 'पी-३८' या नावाने मागणी केली, की दुकानदाराला लगेच समजते. मोबाइलच्या हेडफोनची बारीक पिन निराळी. पी-३८ मोनो पिनेचे दोन भाग असतात. टोकाच्या बोंडातून गिटारचा संदेश जातो, तर मागच्या लांब नळीसारख्या भागातून त्याचा परतीचा मार्ग, म्हणजे ग्राउंड, पूर्ण होतो. दोन काळ्या पट्ट्या असलेली पिन स्टीरिओ असते. साध्या पेडल्सच्या जोडणीसाठी एका पट्टीची मोनो पिन पुरेशी आहे.

गिटार वाजवत नसलेल्यांनाही ही माहिती कामाची आहे, कारण कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि बहुतेक मिक्सर याच मापाच्या पिना वापरतात. पुढे सांगितलेली डाख देण्याची रीत झाडीपट्टीतल्या कीबोर्डवादकालाही तितकीच उपयोगी पडेल.

वायरीच्या पोटात काय असते?

बाहेरून सगळ्या वायरी सारख्याच काळ्या दिसतात. फरक असतो तो आत. गिटारच्या चांगल्या केबलच्या मधोमध बारीक तांब्याच्या अनेक तारांची एक वळी असते. तिच्यावर प्लास्टिकचे विद्युतरोधक आवरण, त्याभोवती तांब्याची जाळी आणि सर्वांत बाहेर रबर किंवा पीव्हीसीचे कवच असते.

यातील जाळीचे काम महत्त्वाचे. गिटारच्या पिकअपमधून निघणारा संदेश फार क्षीण असतो. त्याची मोजणी व्होल्टमध्ये नव्हे, तर बहुतांशी मिलिव्होल्टमध्ये होते. मंचावर दिव्यांच्या डिमरच्या, पंख्यांच्या, जनरेटरच्या वायरी पसरलेल्या असतात. त्यांचा विद्युत गोंगाट या क्षीण संदेशात मिसळू नये म्हणून जाळी त्याला चहूबाजूंनी झाकते. घरातल्या बेलची किंवा स्पीकरची साधी दुपदरी वायर येथे चालत नाही, ती यामुळेच. तिला जाळी नसल्याने ती एरियलसारखी काम करते आणि अ‍ॅम्प्लिफायरमधून घरघर ऐकू येते.

जाळीचे तीन प्रकार बाजारात मिळतात. विणलेली जाळी सर्वांत टिकाऊ, पण सोलायला थोडी किचकट. गुंडाळलेली जाळी लवचीक असते आणि सोलायला सोपी जाते, मात्र वारंवार वाकवली तर तिच्या तारांत फटी पडतात. तिसरा प्रकार चांदीच्या वर्खासारख्या पातळ पत्र्याचा, म्हणजे फॉइलचा. एकदा बसवून पुन्हा न हलवायच्या जोडणीला तो ठीक आहे. पण बोर्ड उचलून गावोगाव फिरायचे असेल, तर फॉइल चिरते. अशा वादकाने पहिल्या दोन प्रकारांतूनच निवड करावी.

काही केबलमध्ये जाळीच्या खाली कार्बन मिसळलेल्या काळ्या प्लास्टिकचा आणखी एक पातळ थर असतो. वायर हलली किंवा पायाखाली आली, की आतल्या थरांच्या घर्षणाने सूक्ष्म विद्युतभार तयार होतो आणि कडकड असा आवाज येतो. कार्बनचा थर तो भार वाहून नेतो. हा थर गुणकारी आहे, पण केबल बनवताना नवशिक्याला हमखास चकवतो. त्याविषयी पुढे.

महाग वायरीने सूर बदलतो का?

वादकांच्या गप्पांत सर्वाधिक वाद होतो तो या प्रश्नावर. उत्तर समजण्यासाठी 'धारिता', म्हणजे तंत्रज्ञांच्या बोलीतील कपॅसिटन्स, हा एकच गुणधर्म लक्षात घेतला तरी पुरे. मधली तार आणि भोवतालची जाळी मिळून एक लांबलचक कपॅसिटर तयार होतो. गिटारच्या केबलची धारिता मीटरमागे साधारण १०० ते १६० पिकोफॅरड असते. केबल जितकी लांब, तितकी धारिता जास्त. आणि धारिता वाढली, की सुरातील तीव्र, टोकदार भाग मंद होत जातो.

उदाहरण घेऊ. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेले तांब्याच्या तारेचे वेटोळे. त्याचे इंडक्टन्स ३ हेन्री आहे आणि केबलची धारिता मीटरला १२० पिकोफॅरड आहे, असे धरू. गिटारपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत सहा मीटरची सरळ केबल असेल, तर तिची धारिता ७२० पिकोफॅरड होते. या जोडीतून सुराला जेथे सर्वाधिक उठाव मिळतो, ती जागा सुमारे ३४०० हर्ट्झवर येते. आता त्यात दीड मीटरच्या पॅच केबलची भर घातली, तर ती जागा सुमारे ३१०० हर्ट्झपर्यंत खाली सरकते. फरक आहे, पण माफक आहे. सराईत कानाला तो जाणवेल. मंडपातल्या श्रोत्यांना जाणवण्याची शक्यता कमीच.

शिवाय हा फरकही प्रत्येक वेळी पडत नाही. साखळीतील एखाद्या पेडलमध्ये 'बफर' असेल, तर तो गिटारचा दुबळा संदेश घेऊन पुढे भक्कम करून पाठवतो. बफरनंतरच्या केबलची धारिता एक हजार पिकोफॅरड असली आणि बफरचा इम्पीडन्स एक हजार ओहम असला, तरी तीव्र स्वरांची घट दीड लाख हर्ट्झच्या पलीकडे सुरू होते. माणसाचा कान वीस हजार हर्ट्झपर्यंतच ऐकतो. याचा अर्थ, सुरुवातीला एक चांगला बफर असल्यास पुढच्या पॅच केबलचा सुरावर ऐकू येण्याजोगा परिणाम उरत नाही. सगळी पेडल्स 'ट्रू बायपास' प्रकारची असतील, म्हणजे बंद असताना ती संदेश जसाच्या तसा पुढे सोडत असतील, तेव्हाच केबलच्या एकूण लांबीकडे लक्ष द्यावे लागते.

तेव्हा 'ऑक्सिजनविरहित तांबे', 'सोन्याचा मुलामा' अशा जाहिरातींना भुलून पॅच केबलवर मोठी रक्कम खर्च करण्याचे कारण नाही. सोने गंजत नाही हे खरे, पण ते मऊ असते आणि वारंवार घासल्याने त्याचा पातळ मुलामा झिजतो. निकेलचा मुलामा असलेली पिन अधूनमधून कोरड्या कापडाने पुसली, तर वर्षानुवर्षे चालते. काही केबलवर बाण काढलेला असतो. त्यामुळे वीज एकाच दिशेने जाते असे मुळीच नाही. गिटारचा संदेश दोन्ही दिशांनी हेलकावणारा असतो. आत दोन तारा आणि वेगळी जाळी असलेल्या केबलमध्ये जाळी एकाच टोकाला जोडलेली असते आणि ते टोक ओळखता यावे म्हणून हा बाण असतो.

तयार केबल घेताना

सुराचा प्रश्न असा मर्यादित आहे, हे कळले की निवड सोपी होते. पैसे घालायचे ते वायरीपेक्षा पिनेत. बाजारात तीन किंवा सहाच्या संचात मिळणाऱ्या स्वस्त रंगीत केबलच्या पिना प्लास्टिकमध्ये ओतून बंद केलेल्या असतात. त्यांच्या आत डाख कसा दिला आहे, हे दिसत नाही. सांधा तुटला, तर तो उघडून दुरुस्त करता येत नाही. केबल फेकून द्यावी लागते.

याउलट, धातूचे झाकण स्क्रूने उघडणारी पिन असेल, तर आतला सांधा पाहता येतो, पुन्हा जोडता येतो. अमेरिकेतील 'स्विचक्राफ्ट', १९७५ मध्ये लिख्टेनश्टाइन या चिमुकल्या देशात सुरू झालेली 'न्यूट्रिक' या कंपन्यांच्या पिना जगभर वापरल्या जातात. वायरीत जपानच्या 'कनारे' आणि 'मोगामी' यांचे नाव आहे. पण नावापेक्षा महत्त्वाचे ते बांधणीचे. पिन सॉकेटमध्ये घातल्यावर 'टक्' असा ठाम आवाज येऊन घट्ट बसली पाहिजे. झाकण हाताने घट्ट करता आले पाहिजे. वायर पिनेत शिरते तेथे ती कवचासकट आवळून धरणारी पट्टी असली पाहिजे. ओढ बसली, तर ती पट्टीवर बसावी, डाखावर नव्हे.

पिनेचा आकारही जागा पाहून ठरवावा. पेडलच्या दोन्ही बाजूंना सॉकेट असतील, तर सरळ पिनेने दोन पेडल्समध्ये मोठी जागा वाया जाते. तेथे 'एल' आकाराची किंवा बिस्किटासारखी चपटी पिन घ्यावी. चपटी पिन जागा वाचवते, मात्र तिच्या आत जागा फार कमी असल्याने डाख देताना हात स्थिर हवा. सॉकेट पेडलच्या वरच्या कडेला असतील, तर जाडजूड 'एल' पिनाही सहज मावतात.

घरी केबल बनवण्याची रीत

पॅच केबल बनवणे हे इलेक्ट्रॉनिक्समधले सर्वांत सोपे काम मानावयास हरकत नाही. २५ ते ४० वॅटची सोल्डरिंग आयर्न, आत राळ भरलेली ६०/४० ची सोल्डर तार, वायर सोलण्याचा चिमटा, कटर आणि एक साधा मल्टिमीटर एवढे साहित्य पुरते. नळकामात वापरतात ती आम्लयुक्त पेस्ट येथे वापरू नये. तिने सांधा आतून गंजतो.

आधी बोर्डवर सगळी पेडल्स मांडून जागा पक्की करावी. मग सुतळीने एका सॉकेटपासून दुसऱ्यापर्यंत, वायर जशी वळून जाईल तशी मोजणी करावी आणि त्यात दोन-तीन सेंटिमीटर सैलपणा मिळवावा. ताणून बसवलेली केबल लवकर तुटते. मोजमापाने बनवलेल्या केबलचा हा मोठा फायदा आहे. तयार संचातल्या सगळ्या केबल एकाच लांबीच्या असतात. त्या कुठे अपुऱ्या पडतात, कुठे त्यांचा गुंता होतो.

वायर कापली, की सर्वप्रथम पिनेचे झाकण आणि आतली रोधक नळी वायरीत ओवून घ्यावी. हे विसरून आधी डाख देणारे आणि नंतर कपाळावर हात मारून घेणारे कमी नाहीत. त्यानंतर बाहेरचे कवच पिनेच्या मापाप्रमाणे सोलावे. चिमटा हलक्या हाताने फिरवावा, जेणेकरून जाळीच्या तारा कापल्या जाणार नाहीत. जाळी एका बाजूला घेऊन पिळावी. आता मधल्या तारेवर काळा चकचकीत थर दिसला, तर तो कार्बनचा थर आहे. तो प्लास्टिकसारखा दिसला तरी वीज वाहून नेतो. तो जाळीइतकाच मागे सोलून काढला नाही आणि टोकाच्या सांध्याला चिकटला, तर संदेशाची गळती होते आणि आवाज दबतो. केबल नवी असूनही आवाज दबका का, या कोड्याचे उत्तर बरेचदा या थरात असते. तो काढल्यावर आतले पांढरे किंवा रंगीत रोधक आवरण तीन-चार मिलिमीटर सोलून तांबे उघडे करावे.

पिन हातात धरून डाख देता येत नाही. ती तापते आणि हलतेही. लाकडी फळीला पिनेच्या मापाचे छिद्र पाडून त्यात ती उभी करावी. पेडलच्या सॉकेटमध्ये पिन घालून डाख देण्याचा मोह टाळावा, कारण उष्णतेने सॉकेट खराब होऊ शकते. आधी तारेच्या टोकाला आणि पिनेच्या पत्र्याला वेगवेगळा, पातळ सोल्डरचा लेप द्यावा. मग दोन्ही एकत्र धरून आयर्नचे टोक पत्र्याला लावावे आणि सोल्डर आयर्नला नव्हे, तर तापलेल्या सांध्याला लावावे. ६०/४० ची तार १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागते. दोन-तीन सेकंदांत ती पाण्यासारखी पसरते. तेवढ्यात आयर्न काढावी आणि सांधा थंड होईपर्यंत हात हलू देऊ नये. चांगला सांधा चकचकीत आणि तारेवर पसरलेला दिसतो. गोळ्यासारखा, निस्तेज, दाणेदार सांधा म्हणजे 'ड्राय सोल्डर'. तो आज चालेल आणि मंडईच्या रात्री दगा देईल. तो पुन्हा तापवूनच घ्यावा.

मधली तार टोकाच्या पत्र्याला आणि जाळी मागच्या मोठ्या पत्र्याला जोडून झाली, की पट्टी कवचावर पक्कडीने आवळावी आणि झाकण लावावे. या तारेत शिसे असते. म्हणून काम खिडकीजवळ करावे, धूर श्वासात घेऊ नये आणि काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत. लहान मुलांना तुकडे हाताळू देऊ नयेत.

शेवटी चाचणी. मल्टिमीटर 'बीप'वर ठेवून एका पिनेचे टोक दुसऱ्या पिनेच्या टोकाशी तपासावे, बीप यायला हवा. मागचा भाग मागच्या भागाशी तपासावा, तेथेही बीप यायला हवा. टोक आणि मागचा भाग यांच्यात मात्र बीप येता कामा नये. ही तिन्ही मोजमापे घेताना वायर दोन्ही टोकांशी हलवून पाहावी. न हलवता केलेली चाचणी अर्धीच असते.

ज्यांना डाख देणे जमत नाही, त्यांच्यासाठी सोल्डरविरहित संचही मिळतात. त्यात वायर सरळ कापून पिनेत खुपसायची आणि स्क्रू आवळायचा. पाच मिनिटांत केबल तयार होते. घरातल्या खोलीत स्थिर राहणाऱ्या बोर्डसाठी हा मार्ग वाईट नाही. पण जीपमधून, खाचखळग्यांच्या रस्त्याने फिरणाऱ्या बोर्डमध्ये हे स्क्रू हळूहळू सैल होतात. त्यामुळे फिरत्या वादकाने डाख दिलेल्या केबलवरच विसंबावे.

ऐन वेळी दोष कसा शोधावा?

एवढे करूनही आवाज गेला तर? प्रथम गिटार थेट अ‍ॅम्प्लिफायरला जोडावी. आवाज आला, तर दोष बोर्डमध्ये आहे. मग एकेक केबल बदलत बसण्यापेक्षा साखळी मधोमध तोडावी आणि पहिल्या निम्म्या भागातूनच आवाज येतो का, ते पाहावे. ज्या भागात दोष आहे, त्याचे पुन्हा दोन भाग करावे. आठ पेडल्सच्या बोर्डमध्ये अशा तीन चाचण्यांत सदोष जागा सापडते. वायर हलवली की खरखर येते आणि जाते, असे होत असेल, तर सांधा सैल आहे असे समजावे.

सतत एकसारखी घरघर येत असेल, तर कारण बहुधा निराळे असते. आपल्याकडे घरगुती वीज ५० हर्ट्झची असते आणि घरघरही ५० किंवा १०० हर्ट्झच्या स्वरात ऐकू येते. बोर्डची पेडल्स वेगवेगळ्या अ‍ॅडॉप्टरवर चालत असतील किंवा पॅच केबल विजेच्या वायरीला समांतर जात असेल, तर ती येते. विजेच्या वायरी बोर्डच्या एका कडेने आणि पॅच केबल दुसऱ्या कडेने न्याव्यात. त्या एकमेकींना ओलांडणारच असतील, तर काटकोनात ओलांडाव्यात.

घरघर घालवण्यासाठी तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा 'उपाय' काही ठिकाणी सर्रास केला जातो. तो जिवावर बेतणारा आहे. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बिघाड झाला, तर अर्थिंगअभावी गिटारच्या तारांत २३० व्होल्टची वीज उतरू शकते आणि वादकाने दुसऱ्या हाताने माइकला स्पर्श केला, की ती त्याच्या शरीरातून वाहते. 'स्टोन द क्रोज' या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस हार्वी याचा ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे मंचावरच, अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून मृत्यू झाला होता. दवाने ओल्या झालेल्या मंडपात, जनरेटरच्या विजेवर आणि अनवाणी पायांनी वाजवताना हा धोका वाढतो. जनरेटरला व्यवस्थित अर्थिंग आणि मंचाच्या वीजपुरवठ्यावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असणे, हे आयोजकांचेही कर्तव्य आहे. घरघर सहन करता येते, शॉक नाही.

दुरुस्त होणारी केबल हीच चांगली केबल

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठ जवळ असणाऱ्याला केबल बिघडणे ही किरकोळ गैरसोय वाटेल. तासाभरात नवी आणता येते. कामठ्यासारख्या गावात राहून वाजवणाऱ्याचे तसे नाही. गिटार आणि पेडल आता ऑनलाइन मागवता येते, पण कुरिअरला दिवस लागतात आणि कार्यक्रम आजच असतो. म्हणून त्याच्या दृष्टीने चांगल्या केबलची व्याख्याच वेगळी होते. जी उघडता येते, जिचा सांधा पाहता येतो आणि जी रेडिओ-मोबाइल दुरुस्त करणाऱ्या जवळच्या कारागिराकडे दहा मिनिटांत पुन्हा जोडून घेता येते, ती चांगली केबल.

स्वस्त, बंद पिनेच्या केबल वर्षाला दोनदा बदलण्यापेक्षा एकदाच चांगल्या पिना घेऊन आपल्या मापाच्या केबल बनवणे शेवटी स्वस्तच पडते. वायर झिजली, तर तेवढीच बदलता येते, पिना तशाच राहतात. आणि एकदा हात बसला, की तोच वादक आपल्या चमूतील कीबोर्डची, माइकची, ऑक्टोपॅडची वायरही दुरुस्त करू लागतो. रात्रभर चालणाऱ्या प्रयोगात असा एक हात चमूत असणे किती मोलाचे असते, हे ज्याने पहाटे तीन वाजता बंद पडलेले वाद्य पाहिले आहे, त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

हे लक्षात ठेवा

* स्क्रूने उघडणाऱ्या धातूच्या पिना घ्याव्यात. प्लास्टिकमध्ये ओतून बंद केलेल्या पिना टाळाव्यात.
* फिरत्या बोर्डसाठी विणलेल्या किंवा गुंडाळलेल्या जाळीची वायर घ्यावी. फॉइलची नको.
* केबल गरजेपुरतीच लांब ठेवावी, पण ताणून बसवू नये.
* गिटारची केबल अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्यामध्ये वापरू नये. ती तारेने बारीक असल्याने तापू शकते.
* प्रत्येक केबलला चिकटपट्टीवर क्रमांक लिहून लावावा. दोष शोधणे सोपे जाते.
* बोर्डच्या पिशवीत सर्वांत लांब मापाच्या दोन जादा पॅच केबल कायम ठेवाव्यात. लांब केबल कोणत्याही जागी चालते, आखूड चालत नाही.
* कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी प्रत्येक केबल हलवून तपासावी, मंचावर चढल्यानंतर नव्हे.